घर ठरवतं, पण घर कोण घडवतं?
मुलाचं शिक्षण घरची परिस्थितीच ठरवते, सरकारी धोरणाने फारसा फरक पडत नाही, हा एका लेखाचा सूर मला अर्धाच पटला. १९६६ साली अमेरिकेत कोलमन अहवालानेही (देशभरच्या शाळांचा एक मोठा सरकारी अभ्यास) साधारण हेच म्हटलं होतं: शाळांच्या साधनांतल्या फरकापेक्षा घरची पार्श्वभूमी गुणांशी जास्त जोडलेली दिसते. पण ती तुलना चालू असलेल्या शाळांमधली होती. शाळाच लांब असेल किंवा शिक्षकच नसेल, तिथे हा निष्कर्ष जसाच्या तसा कसा लावणार?

शिवाय ‘घर’ म्हणजे काही नशिबाची पत्रिका नव्हे. मेक्सिकोत १९९७ मध्ये प्रोग्रेसा योजना आली. मुलं नियमित शाळेत गेली तर पैसे थेट आईच्या हातात. माध्यमिक वर्गांत मुलींसाठी रक्कम मुलांपेक्षा थोडी जास्त, कारण मुलींची गळती तिथेच व्हायची. माध्यमिक शाळेतली संख्या वाढली, मुलींची विशेष. (गुण काही तसे वाढले नाहीत, हेही सांगायला हवं. नुसतं वर्गात बसवून भागत नाही.) फिनलंडने १९७०च्या दशकात मुलांची वेगवेगळ्या शाळांत होणारी विभागणी अकराव्या वर्षावरून सोळाव्यावर नेली, आणि बापाच्या कमाईवरून मुलाची कमाई ठरण्याचं प्रमाण घटलं.

आईचं शिक्षण लेखकाने ‘घरच्या’ रकान्यात टाकलंय. ती लहान असताना तिला शाळा मिळाली, ते कुठल्या रकान्यात धरायचं?