सोडूनच द्यायचा असेल तर मासा पकडायचा कशाला?

आज सकाळी इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर मी, मासे पकडून पुन्हा सोडून देणाऱ्या आमच्या क्लबच्या शनिवारच्या नदीकामाचे निमंत्रण टाकले आणि अर्ध्या तासाच्या आत त्यावर तीन उत्तरे आली. एका काकांनी विचारले, “मासा सोडूनच द्यायचा असेल तर पकडायचा कशाला, त्याला छळायला?” दुसऱ्याने हा निवृत्त गोऱ्यांचा शौक असल्याचे सांगितले आणि तिसऱ्याने नुसते हसणारे चेहरे पाठवले. दिवसभर कामात होतो, पण ते वाक्य काही डोक्यातून गेले नाही, म्हणून ग्रुपवर वाद न घालता इथे सविस्तर लिहितो आहे.

दोन वर्षांपूर्वी मी आमच्या गावातल्या फ्लाय फिशिंग, म्हणजे गळाला पिसा-दोऱ्याची खोटी माशी बांधून मासे पकडणाऱ्यांच्या, क्लबचा सभासद झालो, तेव्हा नदीरक्षण वगैरे काहीही माझ्या मनात नव्हते. मी चिपळूणचा. वाशिष्ठीच्या काठी अण्णांच्या शेजारी गळ टाकून बसण्यात माझे लहानपण गेले, आणि मिशिगनमध्ये वीस वर्षे काढल्यावर पुन्हा एकदा वाहत्या पाण्याजवळ जावे, एवढीच इच्छा होती. पहिल्या बैठकीत मासे पकडण्याविषयी कोणी बोलेचना. दीड तास चर्चा चालली ती एका रस्त्याखालच्या मोरीची. तिचे तोंड पाण्याच्या पातळीच्या वर राहिल्यामुळे अंडी घालायला वरच्या ओढ्यात निघालेल्या ट्राउट या थंड पाण्यातल्या माशांची वाट अडत होती, आणि ती मोरी बदलण्यासाठी पैसे कुठून उभे करायचे यावरून सत्तरी ओलांडलेली माणसे हमरीतुमरीवर आली होती. एका मोरीसाठी माणसे इतकी पोटतिडकीने भांडतात, हे मी त्याआधी पाहिले नव्हते.

त्याच वर्षी जुलैमध्ये मिशिगनमधल्याच ऑ साबल नदीवर मला माझा पहिला ब्राउन ट्राउट मिळाला. जेमतेम दीड वीत लांब, अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडे. मी त्याला कोरड्या हातांनी पाण्याबाहेर धरले आणि फोटो काढायला लावला. पहिला फोटो हलला म्हणून दुसरा काढला. मग त्याला पाण्यात ठेवले, तर तो कुशीवर कलंडला आणि त्याचे पिवळे पोट वर आले. शेजारी उभे असलेले क्लबचे एक वृद्ध सभासद काही न बोलता कमरेएवढ्या पाण्यात आले, त्यांनी आधी आपले हात भिजवले, माशाच्या पोटाखाली तळवा धरला आणि त्याचे तोंड प्रवाहाकडे वळवले. मी त्याला पुढेमागे हलवायला गेलो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “ढकलू नकोस, पाणी आपणहून त्याच्या कल्ल्यांतून जाऊ दे.” चार-पाच मिनिटे आम्ही दोघे तसेच वाकून उभे होतो.

आता त्या प्रश्नाकडे येतो. गळाने माशाला इजा होते, हे मला मान्य आहे. सोडलेल्यांपैकी काही मरतात, हेही मान्य आहे. म्हणूनच आम्ही गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकतो, माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघू नये म्हणून हात ओले ठेवतो आणि पाणी 68 अंश फॅरेनहाइटच्या वर गेले की काठी गुंडाळतो, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला मासा त्यात सावरत नाही. परंतु दुकानातून गोठवलेला मासा आणताना तो कोणत्या पाण्यातला आहे, हे कधीही न विचारणाऱ्यांनी मला छळाबद्दल सुनवावे, याचा मला मनापासून राग येतो. ज्याने नदीत पायही घातलेला नाही, त्याला नदी आजारी पडल्याचे कळणार तरी कसे?

ऑ साबलच्या काठी ग्रेलिंग नावाचे गाव आहे. ते नाव ज्या माशावरून पडले, तो मासा आज त्या नदीत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथली पाइनची अरण्ये तोडली गेली, ओंडके नदीतून वाहून नेताना तळाची खडी खरवडली गेली आणि रेल्वेने येणाऱ्या हौशी लोकांनी पेट्या भरभरून मासे नेले. 1930च्या दशकात ग्रेलिंग मिशिगनमधून नाहीसा झाला. त्याच नदीच्या काठी 1959मध्ये काही गळकऱ्यांनी एकत्र येऊन ट्राउट अनलिमिटेड ही संस्था स्थापन केली, जी आज देशभर नद्यांसाठी काम करते. मासेमारीच्या काठ्या आणि इतर साहित्यावरच्या कराचा पैसा राज्यांना माशांच्या संवर्धनासाठी देणारा 1950चा कायदा याच मिशिगनचे खासदार जॉन डिंगेल यांनी सिनेटर जॉन्सन यांच्यासोबत आणला. हा शौक करणारे आपल्या शौकाची किंमत नदीला मोजतात. ब्राउन ट्राउट हासुद्धा मुळात युरोपातून आणलेला मासा आहे, हे खरे. क्लबमध्ये बहुतेक वयस्कर गोरे पुरुष आहेत, हेही खरे. मग आपण गेल्याशिवाय ते बदलणार कसे?

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे आणि वाशिष्ठी आठवते आहे. एका उन्हाळ्यात पाण्यावर मेलेल्या माशांचा पांढरा थर आला. आमच्या आळीतली सगळी माणसे काठावर उभी राहून पाहत होती, नाकाला पदर आणि रुमाल लावून, आणि मग जो तो आपापल्या घरी गेला. अण्णांनी त्या दिवशी गळ माळ्यावर ठेवला, तो पुन्हा काढला नाही. आपल्याला नदीची माया नव्हती, असे मी म्हणणार नाही. महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत देवीचे म्हणून महाशीर मासे आजही राखले जातात आणि कोणी त्यांच्यावर हात टाकत नाही. पण त्या डोहाच्या वरचे आणि खालचे पाणी कोणी राखायचे? इथे मला त्याचे एक उत्तर मिळाले: वर्गणी भरणाऱ्या, आपल्या नदीचा दगड नि दगड ओळखणाऱ्या चाळीस-पन्नास माणसांनी.

काका, तुमच्या प्रश्नाचे माझ्याजवळचे उत्तर तो जुलैचा मासा आहे. पाचव्या मिनिटाला त्याचे कल्ले नीट उघडमिट करू लागले, शेपटीचा एक फटका माझ्या मनगटाला बसला आणि तो तळाच्या सावलीत दिसेनासा झाला. त्या आजोबांनी खिशातून थर्मामीटर काढून पाण्यात धरला, आकडा पाहिला आणि सकाळचे दहाच वाजले असताना आपली काठी आवरली. मीही आवरली. तो मासा मी खाल्ला असता तर संध्याकाळपर्यंत विसरलो असतो. आता मात्र त्या वळणावरचे पाणी किती तापले आहे, याची चिंता मला दर उन्हाळ्यात असते.

शनिवारी आम्ही ओढ्यातले दगड उलटून खालचे किडे मोजणार आहोत. कॅडिस नावाच्या किड्याची अळी स्वतःभोवती वाळूचे कण एकेक करून चिकटवते आणि बोटाच्या पेराहून लहान नळी बांधून तिच्यात राहते. पाणी बिघडले की अशा अळ्या कमी होत जातात. सकाळी आठ वाजता लाकडी पुलाजवळ जमायचे आहे. उंच रबरी वेडर्सचे दोन जोड माझ्याकडे जास्तीचे आहेत, नऊ आणि अकरा नंबरचे. काका, तुम्हाला नऊ नंबर बसेल.