टॅग्जच्या फाइलीचा फेरफार

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांसाठी आमचे कार्यालय हिशेबाचे एक जुने सॉफ्टवेअर सांभाळते. त्यातले कोणते फंक्शन (म्हणजे कोडचा नाव दिलेला तुकडा) कोणत्या फाइलीत दडले आहे हे सांगणारी ‘टॅग्ज’ फाइल एका पुरातन स्क्रिप्टमधून निघते, कारण कोडची भाषाच घरगुती असल्याने सीटॅग्जसारख्या तयार साधनाला तिचे ओ की ठो कळत नाही. स्क्रिप्ट लिहिणारे गृहस्थ विम या कोड लिहायच्या एडिटरचे उपासक होते. नव्याने आलेले साहेब ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरखेरीज कशालाही शिवत नाहीत, आणि त्याला टॅग्जची फाइल वेगळ्या मांडणीत लागते. “नुसता फॉरमॅट तर बदलायचाय, चहा येईपर्यंत होईल,” असे त्यांनी मला सांगितले. चहा लगेच आला.

विमच्या फाइलीत प्रत्येक ओळीवर आधी नाव, मग टॅब, मग फाइल, पुन्हा टॅब आणि शेवटी शोधायचा मजकूर किंवा ओळ क्रमांक असतो, आणि सगळी नावे अक्षरक्रमाने लावलेली असतात. ईमॅक्सला मात्र फाइलवार गट लागतात. थोडक्यात, खातेदारवार आठ-अ हातात देऊन त्यावरून गटवार सातबारा लिहून मागण्यासारखे हे काम आहे, आणि तलाठीही मीच.

बरे, गट पाडून सुटका नाही. प्रत्येक गटाच्या डोक्यावर त्याचा आकार बाइटमध्ये लिहावा लागतो, शिवाय प्रत्येक नावापुढे ते फाइलीच्या आरंभापासून किती अंतरावर आहे तेही. हे अंतर विमच्या फाइलीत नसतेच, म्हणून मूळ कोड पुन्हा उघडून मोजणी करणे आले. आणि आमच्या पूर्वसूरींनी टिपा भरघोस मराठीत लिहिल्या आहेत. ‘कोल्हापूर’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण यूटीएफ-८ या अक्षरे साठवायच्या पद्धतीत काना, मात्रा, हलन्त सगळे तीन-तीन बाइटांचे मानकरी असल्याने तो २७ बाइट खातो. गावाचा अभिमान असावा, पण इतका जागा अडवणारा नसावा.

त्यातच ईमॅक्सची विरामचिन्हे अदृश्य. नावाच्या व्याख्येची कोडमधली ओळ संपली की १२७ क्रमांकाचे चिन्ह, नावानंतर १ क्रमांकाचे, आणि प्रत्येक गटाच्या आधी १२ क्रमांकाचे, म्हणजे फॉर्म फीड. हे शेवटचे चिन्ह प्रिंटरला ‘नवे पान घे’ असा हुकूम देते. साहेबांनी तपासणीसाठी फाइल जुन्या डॉट मॅट्रिक्सवर छापायला पाठवली, तेव्हा तो प्रत्येक गटाला नवे पान देत, बऱ्याच पानांवर दोन-तीन ओळी उमटवत, इमानाने कागद ओकत राहिला. स्टोअरकीपर दारात येऊन म्हणाले, “काय ओ साहेब, पत्रिका छापायला घेतल्यासा काय?”

फाइल अखेर साहेबांच्या मॅकवर गेली. विमच्या फाइलीचे नाव लहान लिपीत ‘tags’, ईमॅक्सच्या फाइलीचे तेच कॅपिटलमध्ये ‘TAGS’. आणि मॅक मूळ मांडणीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद मानत नाही, त्यामुळे एका फोल्डरात दोघी नांदणे अशक्य. मी ईमॅक्सच्या फाइलीला वेगळे नाव सुचवले. साहेब म्हणाले, “अरे, पण दर वेळी ते नाव टाइप कोण करणार?”