फ्रेयाला कृतघ्न म्हणण्याआधी

(स्पॉयलर भरपूर आहेत. ‘गॉड ऑफ वॉर’ (२०१८) आणि त्याचा पुढचा भाग ‘रॅग्नरॉक’ (२०२२) हे दोन्ही व्हिडिओ गेम खेळून झाले नसतील तर पोस्ट बाजूला ठेवा, खेळून झाल्यावर वाचा.)

या गेमवर कुठेही चर्चा निघाली की एक वाक्य हमखास येतं. गेमचा नायक क्रेटोस फ्रेया या देवीचा जीव वाचवतो, त्यासाठी तिच्याच मुलाला मारतो, आणि ती त्यालाच शाप देते, म्हणजे किती कृतघ्न! मला हे मत साफ चुकीचं वाटतं. ते मान्य केलं तर दोन्ही गेमच्या कथेचा कणाच हातातून निसटतो. क्रेटोस आणि फ्रेया एकाच चुकीची दोन रूपं आहेत, आणि शेवटच्या मारामारीनंतर क्रेटोस तीच चूक फ्रेयाच्या बाबतीत करतो.

आधी साम्य बघू. दोघंही देव, दोघांनीही आपल्या लोकांपासून लांब रानात घर केलेलं, दोघांना एकेक मुलगा, आणि दोघांनी मुलासाठी म्हणून एक मोठं पाप केलेलं. क्रेटोसने आपल्या मुलाला, अट्रेयसला, तो देव आहे हे सांगितलेलंच नाही. युद्धदेव एरिसच्या कपटामुळे आपल्या हातून पहिली बायको आणि मुलगी मारली गेली, पुढे आपण आपल्याच बापाला, झ्यूसला मारलं, हे सगळं त्याने लपवलंय. फ्रेयाने भविष्यात आपल्या मुलाचा, बाल्डरचा मृत्यू पाहिला आणि त्याच्यावर असा मंत्र टाकला की कुठलंही शस्त्र, कुठलीही जादू त्याला लागू नये. जखम होईना, पण त्यासोबत चव गेली, थंडी-ऊन गेलं, स्पर्श गेला.

हा शेवटचा भाग गेम लिहिणाऱ्यांचा स्वतःचा आहे, आणि माझ्या मते पूर्ण कथेतली सगळ्यात हुशार भर. १३व्या शतकात आइसलँडच्या स्नॉरी स्टुर्लुसनने लिहून ठेवलेल्या मूळ नॉर्स कथेत बाल्डरची आई फ्रिग आहे. त्याला इजा करणार नाही अशी ती सगळ्या वस्तूंकडून शपथ घेते आणि मिस्टलटोचं रोप फारच कोवळं म्हणून सोडून देते. तिथे बाल्डरला काही लागत नाही याची देवांना गंमत वाटते, ते त्याच्यावर वस्तू फेकून खेळतात. गेमने फ्रिग आणि फ्रेया एकच केली आणि त्या संरक्षणाला किंमत लावली. ती किंमत भरतो मुलगा. आईला ती भरावी लागत नाही.

फरक इथून सुरू होतो. क्रेटोसने जे लपवलं ते त्याच्या तोंडात अडकलेलं आहे, बोलला की सुटेल. फ्रेयाची भीती मुलाच्या अंगावर कोरली गेली आहे. तिने शंभर वेळा क्षमा मागितली तरी बाल्डरच्या जिभेवर चव परत येणार नाही. क्रेटोसच्या हातावरच्या पट्ट्या आठवा. ब्लेड्स ऑफ केऑस या त्याच्या जुन्या शस्त्राच्या साखळ्यांचे व्रण झाकायला तो त्या बांधून फिरतो. शेवटी योटुनहाइममध्ये, म्हणजे योटुन या राक्षसांच्या जगात, अट्रेयसच्या आईची राख उधळायच्या आधी, तो त्या सोडतो आणि वाऱ्यावर जाऊ देतो. त्याला ते शक्य आहे. फ्रेयाकडे सोडण्यासारखी पट्टीच नाही.

आणि क्रेटोसला तोंड उघडायला लावतं कोण? फ्रेयाच! अट्रेयस आजारी पडतो तेव्हा ती स्वच्छ निदान करते: हा मुलगा देव आहे, पण स्वतःला माणूस समजतो, आणि त्या दोन्हींची आत ओढाताण चालली आहे. बापाने खरं सांगावं हाच त्यावर इलाज. दुसऱ्याच्या घरातला रोग तिला नेमका दिसतो. स्वतःच्या मुलाची गोष्ट निघाली की तीच बाई आपण त्याला वाचवलं एवढ्यावरच अडून बसते. ती ढोंगी आहे असं मला वाटत नाही. क्रेटोसला सावध करायला त्याच्यासारखंच दुःख असलेलं कुणीतरी समोर होतं. तिला सावध करणारं कुणी नव्हतं.

मिस्टलटोचा धागा पुन्हा बघा, कारण तो एका दमात निसटून जातो. सिंड्री हा बुटका लोहार अट्रेयसला मिस्टलटोचे बाण देतो. फ्रेयाला ते दिसतात तेव्हा तिचा आवाजच बदलतो. बाण चुलीत टाकते आणि पुन्हा कुठे दिसले तर नष्ट कर म्हणून सांगते. पण अट्रेयसच्या भात्याचा तुटलेला पट्टा क्रेटोसने त्यातल्याच एका बाणाचं टोक मोडून, अडकवून दुरुस्त केलेला असतो. ते टोक सगळेच विसरतात. शेवटी दोघांच्या मागावर असलेला बाल्डर अट्रेयसच्या छातीवर ठोसा मारतो, टोक त्याच्या हातात घुसतं आणि मंत्र तुटतो. आईचं एवढं मोठं संरक्षण फुटलं ते एका बापाने केलेल्या किरकोळ डागडुजीमुळे. त्यात कुणाचा कट नव्हता.

आता तो प्रसंग. बाल्डर हरलेला आहे. क्रेटोसचा हात त्याच्या गळ्यावर असतो, पण अट्रेयसचं ऐकून तो सोडून देतो. बाल्डर वळतो आणि आईचा गळा धरतो. फ्रेया प्रतिकार करत नाही. माझ्या मरणाने तुझं समाधान होणार असेल तर मी अडवणार नाही, असं ती त्याला सांगते. तिचा निर्णय झालेला आहे. क्रेटोस येतो आणि बाल्डरची मान मोडतो. बाल्डरचा शेवटचा शब्द बर्फाबद्दल असतो, कारण तो त्याला आता जाणवतोय.

फ्रेयाने बाल्डरचं काय केलं होतं? त्याला न विचारता त्याला जिवंत ठेवलं आणि जगण्यातलं सगळं काढून घेतलं. क्रेटोसनेही फ्रेयाला न विचारता जिवंत ठेवलं आणि जे तिच्या जगण्याचं कारण होतं ते काढून घेतलं. वर आणखी एक गोष्ट आहे. लगेच नंतर अट्रेयस विचारतो, मी तुम्हाला मारू बघितलं तर तुम्ही मारू द्याल का? क्रेटोस म्हणतो, तू जगणार असशील तर हो. म्हणजे फ्रेयाच्या जागी आपण काय केलं असतं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरीही तो अधिकार त्याने तिला दिला नाही.

क्रेटोसने मारलं नसतं तर बाल्डर पुन्हा अट्रेयसच्या मागे लागला असता, हा मुद्दा मला मान्य आहे. एक बाप म्हणून त्याने केलं ते समजतं. पण मग त्याला उपकार म्हणू नका.

आपल्याकडच्या वाचकाला हे परकं वाटू नये. गांधारीच्या नजरेने दुर्योधनाचं अंग वज्र झालं आणि मांड्या तेवढ्या राहिल्या, ही लोककथा लहानपणी ऐकलेली असते. युद्धानंतर तीच गांधारी श्रीकृष्णाला शाप देते आणि कृष्ण तो स्वीकारतो. दुर्योधनाचा दोष माहीत असूनही गांधारीला कृतघ्न म्हणावंसं कुणाला वाटत नाही. फ्रेयाला मात्र पटकन म्हणून मोकळे होतो.

याचं एक कारण कॅमेऱ्यात आहे असं मला वाटतं. २०१८चा गेम सुरुवातीपासून शेवटापर्यंत एका सलग शॉटसारखा बांधलाय आणि कॅमेरा क्रेटोसला सोडत नाही. आजारी अट्रेयस फ्रेयाच्या घरी असतो तेव्हा आपण क्रेटोसबरोबर हेलहाइममध्ये, म्हणजे मेलेल्यांच्या जगात असतो. ती त्याच्या उशाशी बसून काय करत होती ते दिसतच नाही. बाल्डरबरोबरचं तिचं जुनं भांडण दिसतं ते हेलहाइममध्ये, तेही बाल्डरला दिसणाऱ्या भासातून, म्हणजे त्याच्या बाजूने. ‘रॅग्नरॉक’मध्ये अट्रेयसही खेळायला मिळतो, पण फ्रेया कधीच नाही. तिची बाजू आपल्याला नेहमी दुसऱ्याच्या खांद्यावरून बघावी लागते.

‘रॅग्नरॉक’ने हे ओळखलं, असं मी म्हणेन. तिथे क्रेटोस समर्थन करत बसत नाही. फ्रेया त्याला मारायला येते, मग एका अटीवर थांबते: मिडगार्डबाहेर, म्हणजे माणसांच्या जगाबाहेर, पाऊल टाकू न देणारा तिच्या आधीच्या नवऱ्याचा, ओडिनचा शाप मोडायला मदत कर. तो बरोबर जातो, तिच्या मूळ जगात, वानाहाइममध्ये, निडहॉग या अजस्र सर्पाशी झुंजतो, आणि शाप तुटतो. पहिल्या गेममध्ये त्याने तिची निवड हिरावली होती, इथे तिला कुठेही जायची मोकळीक परत मिळते. मग सूड घ्यायचा की नाही हे ती स्वतः ठरवते. ती सोडते, पण लगेच गळ्यात गळे पडत नाहीत, आणि लेखकांनी ती घाई केली नाही हे फार बरं झालं.

नॉर्न्सचा, म्हणजे नशीब सांगणाऱ्या तिघींचा प्रसंगही याच धाग्यातला. नशीब म्हणून वेगळं काही लिहून ठेवलेलं नसतं, तुम्ही तुमच्या स्वभावाप्रमाणे वागता म्हणून ते आधी सांगता येतं, असं त्या सांगतात, आणि फ्रेया तिथे उभी असते. जिने एका भाकिताच्या धाकाने मुलाचं आयुष्य बधिर करून टाकलं, तिच्यासमोर. शेवटी अट्रेयस उरलेल्या योटुनांच्या शोधात एकटा निघतो आणि क्रेटोस त्याला जाऊ देतो. मुलाला सांभाळायचं म्हणजे कधी हात काढून घ्यायचा, हे फ्रेयाला साधलं नाही. तिच्याकडे बघत बघत क्रेटोस ते शिकला, असं मी मानतो.

पुन्हा खेळणार असाल तर पहिला गेम ‘गिव्ह मी अ स्टोरी’ या सगळ्यात सोप्या लेव्हलवर लावा, मारामारीत जीव अडकणार नाही. होडीतल्या गप्पा किनारा लागला की तुटतात. पुन्हा होडीत बसलं की पुढे सुरू होतात, पण मधे लढाई झाली तर धागा मनातून जातो. म्हणून बोलणं संपेपर्यंत तळ्यात फेऱ्या मारा. अट्रेयस आजारी असताना चौकोनाचं बटण (एरवी अट्रेयसला बाण मारायला लावणारं) दाबून बघा: बाण येत नाही, आणि तेवढ्यात त्याची किती सवय झाली होती ते कळतं. फ्रेयाच्या घरातल्या प्रत्येक भेटीत क्रेटोसला सोडून तिच्या चेहऱ्याकडे बघा, विशेषतः मुलाचा विषय निघतो तेव्हा. दुसऱ्या गेममध्ये ‘द रेकनिंग’ हे मिशन साइड क्वेस्ट न करता एका बैठकीत संपवा. वानाहाइममधून चालताना ती जे बोलते ते मधे तोडलं तर तिचा राग कुठे आणि कशामुळे ओसरू लागतो हे लक्षातच येत नाही. मग बहुतेक जण ती अचानक बदलली अशी तक्रार करतात.