सांडव्यावरची जाळी आधी काढा!

आज सकाळी परत तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, जाऊन आलो आणि परत डोकं फिरवून घेतलं. लिहून मोकळा होतो, नाहीतर घरच्यांवर राग निघतो.

आमच्या गावाच्या वर, पाऊण किलोमीटरवर तलाव आहे. मातीचा. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी टोपल्या वाहून उभा केलेला. माझ्या आजीनं त्या कामावर माती टाकली, लाल ज्वारीची भाकर आणि सुकडी खाऊन. नाल्याचा लोंढा गावात शिरू नये आणि खालच्या विहिरींना पाणी लागावं, एवढंच त्याचं काम. पन्नास वर्षं तो ते बिनबोभाट करतोय. आम्ही त्याच्यासाठी काय केलं? पाळीवर बकऱ्या चारल्या.

आता पाळीच्या पायथ्याशी, म्हाताऱ्या बाभळीच्या जरा डावीकडे, करंगळीएवढी धार लागली आहे. मातीच्या बांधातून थोडं पाणी झिरपतंच, त्याला मी घाबरत नाही. नितळ आलं तर येऊ द्या. पण ही धार गढूळ आहे हो! गढूळ म्हणजे पाणी निघताना पाळीच्या पोटातली माती सोबत घेऊन निघतंय. आत नळी पडते, ती मागं मागं तलावाकडे सरकत जाते आणि एके दिवशी वरून चांगली दिसणारी पाळ खाली बसते.

मी एक बाटली भरून आणली, रात्रभर खिडकीत ठेवली. सकाळी तळाशी अर्धं बोट गाळ. ती बाटली पिशवीत घालून एसटीनं तालुक्याला गेलो. पहिल्या ऑफिसात साहेब मीटिंगला. टेबलावरचे म्हणाले, हा तलाव आमच्याकडे येत नाही. ज्यांच्याकडे येतो म्हणाले त्यांच्याकडे गेलो, तर त्यांच्या रजिस्टरात तो ‘हस्तांतरित’. कोणाला? ‘ते पाहावं लागेल.’ शेजारच्या खुर्चीवरच्यानं बाटलीकडे बोट दाखवलं, ‘भाऊ, हे पानी पेता का तुमी?’ सगळे हसले. मीही हसलो. त्याचाच राग जास्त येतोय.

शेवटी एकानं सांगितलं, ‘लहान तलाव आहे, काई होत नाई.’ लहान! देशात २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आहे. पावसाळ्याआधी तपासणी, पावसाळ्यानंतर तपासणी, सगळं त्यात लिहिलंय. पण तो लागतो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटरमधली काही अटींत बसली तर त्यांना. आमची पाळ जेमतेम ७ मीटर. म्हणजे कायद्याच्या नजरेत ती शेतातला धुराच, साधा बांध. पण खाली नाल्याच्या काठाला टोलीवरची, म्हणजे खालच्या वस्तीतली, घरं आहेत, अंगणवाडी आहे, आणि पाणी काय अंगणवाडीच्या दारात उंची विचारून थांबणार आहे?

आपल्या विदर्भातल्या माणसानं तर असं बोलूच नये. ३० जुलै १९९१, मोवाड. वर्धा नदीचं पाणी सकाळी गावात शिरलं आणि दोनशेवर माणसं गेली. आमच्या घरात अजूनही जोराचा पाऊस लागला की आई मोवाडचं नाव काढते.

आणि फक्त ऑफिसवाल्यांना शिव्या देऊन माझं भागत नाही. गावानं काय कमी केलं? दोन वर्षांमागं उन्हाळ्यात गाळ काढायला जेसीबी आला. गाळ शेतात नेला, चांगलं केलं. पण पाळीच्या अगदी मुळाशी कशाला खणलं? आणि पलीकडच्या अंगाचा मुरूम रात्री ट्रॉल्या भरून कोणी नेला? माझ्याच चुलतभावाच्या अंगणात पडलाय तो. मी बोललो तर म्हणतो, ‘दोन ट्रॉल्यानं का होते बे?’ प्रत्येकाच्या दोनच असतात! पाळीवर सुबाभूळ माजली आहे, तिच्या मुळ्या आत शिरल्यात. झाड वाळलं की मूळ सडतं आणि पाण्याला आयती वाट. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, हात जाईल एवढ्या. मे महिन्यात चार माणसं लावून त्या उकरून, ओली माती भरून धुमसल्या असत्या तर झालं असतं. चार माणसांची मजुरी! गणपतीच्या डीजेला आम्ही एका रात्रीत त्याच्या कितीतरी पट उडवतो.

२०१९ च्या जुलैत रत्नागिरीतलं तिवरे धरण फुटलं, तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांवर बोट ठेवलं होतं. राज्यभर लोक हसले. मी तेव्हाही म्हणत होतो, हसू नका. खेकडा भोक पाडतो, उंदीर पाडतो, सायाळ तर बीळच करते. त्यांचा तो धंदाच आहे. भोक बुजवणारा माणूस कोणाच्या पगारावर आहे, ते सांगा ना! पूर्वी तलावावर चौकीदार असायचा, पाऊस लागला की कंदील घेऊन पाळीवर फिरायचा. तो रिटायर झाला, त्याची जागा भरलीच नाही.

पण आज माझं टाळकं सरकलं ते सांडव्यावर. जास्तीचं पाणी बाजूनं निघून जावं म्हणून सांडवा असतो. दगडी बांधावरून पाणी वाहून गेलं तर तो सोसतो. मातीच्या पाळीवरून अर्धा तास वाहिलं की पाळ साखरेसारखी जाते. आणि आमच्या मासेवाल्या ठेकेदारानं त्याच सांडव्यावर आडवी जाळी ठोकली आहे, मासे वाहून जाऊ नयेत म्हणून. तिला बेशरमाच्या फांद्या, जलकुंभी, प्लास्टिक, एक फाटकी ताडपत्री, सगळं अडकलंय. वरून आमच्याच गावच्या दोन शहाण्यांनी रेतीची पोती लावलीत, रब्बीला जास्त पाणी राहील म्हणून. पाणी पाळीच्या माथ्यापासून चार हात खाली पाहिजे. आज मी मोजलं, दीड हात.

ठेकेदाराला फोन केला. म्हणे, ‘काका, उद्या पाहतो, आज बाजार आहे.’

उद्याचं मला सांगू नका. संध्याकाळी पाचला मी कोयता घेऊन सांडव्यावर जातोय. ज्याला यायचं त्यानं यावं, पोती उचलायला दोघं तरी लागतील. ज्याचे मासे जातील त्यानं माझ्या नावानं तक्रार करावी. कोणत्या ऑफिसात करायची, ते मात्र त्यानंच शोधावं.