भिंतीतली भोकं बुजवू नका

ठाण्याजवळ, पारसिक डोंगराच्या पायथ्याशी, कळव्याला राहणाऱ्या माझ्या आत्याने काल व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक मेसेज पाठवला. वर ‘इंजिनियरचा सल्ला’, पण कुठल्या इंजिनियरचा ते नाही. खाली आत्याने लिहिलंय, “वाच रे, आता मागच्या डोंगराची भीती नाही.” म्हणून हे तातडीने लिहितोय.

मेसेज म्हणतो, आपले डोंगर काळ्या पाषाणाचे, कापले तरी ढळत नाहीत. पाषाण कठीण असतो, हे मान्य. पण त्यावर मुरूम आणि माती असते, खडकाला भेगा असतात, आणि खालचा भाग कापला की वरच्या भाराचा टेकूच जातो. २०२१ च्या जुलैत कळव्यातच, घोलाईनगरला, दरड कोसळून पाच जण गेले. एवढ्यात विसरलो?

दुसरं, ‘दोन पावसाळे टिकला म्हणजे उतार पक्का’. हाँगकाँगच्या पो शान रस्त्यावर १८ जून १९७२ ला, तीन दिवसांच्या मुसळधार पावसानंतर, खाली इमारतीसाठी खोदकाम केलेला उतार कोसळला. बहुमजली इमारत आडवी झाली, ६७ माणसं गेली. मागचे पावसाळे टिकला, यावरून एवढंच कळतं की त्याला पाडेल असा पाऊस अजून आला नव्हता.

आता सगळ्यात घातक सल्ला: संरक्षक भिंतीच्या भोकांतून गढूळ पाणी पार्किंगमध्ये येतं, म्हणून ती सिमेंटने बुजवा. अहो, ती भोकं पाणी बाहेर काढायलाच ठेवलेली असतात! पाणी मातीच्या कणांमधल्या जागेत भरलं की त्याचा दाब कणांना एकमेकांवर घट्ट बसू देत नाही. घर्षण घटतं, माती सुटते. शिवाय भिंतीला ते पाणी वेगळं रेटतं. मागे चार मीटर पाणी साठलं तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर निव्वळ पाण्याचा रेटा सुमारे ८ टन. आठ मीटर साठलं तर दुप्पट नाही, चौपट. मातीचा रेटा वेगळाच.

एक गोष्ट मात्र मेसेजमध्ये बरोबर आहे: पाणी गढूळ येणं चांगलं नाही. भिंतीमागची माती वाहून जातेय, असा त्याचा अर्थ. त्यावर उपाय म्हणजे मागे खडीचा थर आणि गाळणीचं कापड. आणि नेहमी वाहणारं भोक भर पावसात अचानक कोरडं पडलं, तर ते तुंबलंय का ते आधी बघा.

पाऊस थांबल्यावर धोका संपत नाही. मुरलेलं पाणी खाली पोचायला वेळ लागतो, दरड उघडीप असतानाही येते.

आत्या, सोसायटीच्या चेअरमनना आजच सांग, भोकं बुजवू नका, बुजवली असतील तर मोकळी करून घ्या. उताराच्या माथ्यावर आडवी भेग दिसली किंवा भिंतीला पोट आलं, तर महापालिकेच्या आपत्ती कक्षाला फोन कर, आणि त्या रात्री तिथे झोपू नका, आमच्याकडे या.