एकच बुराक!

आमच्या वाड्यावरच्या हॉलला आता स्टँडिंग सीमचं, म्हणजे उभ्या शिवणीच्या पत्र्याचं छप्पर आहे आणि त्यात एकही भोक नाही. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण अख्खा एप्रिल-मे मी भोक पाडू न देणे याच एका पदावर काम केलंय. कागदोपत्री मी समितीचा सचिव.

आधी मंगळुरी कौलं होती. गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात कौलं घालायची म्हणजे माकडांशी कायमचा करार. ती फणसाच्या दिवसांत येणार, वर धावाधाव करणार, कौलं सरकवणार, आणि आपण पावसाआधी माणूस चढवून परतून घ्यायची. पुढे तो चढणारा माणूसच मिळेना (मे महिन्यात तो काजूत असतो) म्हणून जुन्या समितीने साधे पत्रे घातले. साध्या पत्र्याची गंमत बघा, पाणी आत येऊ नये म्हणून छप्पर घालायचं आणि ते बसवायला त्यालाच शेकड्याने भोकं पाडून स्क्रू मारायचे, आणि भरवसा कुणावर, तर स्क्रूखालच्या रबराच्या वॉशरवर! गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस, आमच्या बाजूला त्याहून जास्तच, त्यात उन्हाने वाळलेलं रबर किती दिवस तग धरणार? चतुर्थीच्या भजनाला एक थेंब पेटीवर, एक तबल्यावर. तबलजी शेवटी थेंबाचाच ठेका धरायला लागला.

नव्या छपराचं तसं नाही. लांबलचक पट्ट्या, आढ्यापासून वळचणीपर्यंत अखंड, दोन्ही कडा उभ्या, आणि शेजारशेजारच्या कडा एकमेकींत दुमडून त्यावरून मशीन फिरवलं की शिवण बंद. स्क्रू असतात पण ते आतल्या क्लिपांना, आणि क्लिपा शिवणीत झाकलेल्या. पट्टी एका जागी पक्की, बाकी क्लिपा तिला सरकू देतात, कारण 10 मीटरची स्टीलची पट्टी 40 अंशांच्या फरकात जवळजवळ 5 मिलिमीटर वाढते. आता तिला मध्येच वरून स्क्रू मारलात तर ती तिथे अडकणार, रोज ओढाताण होणार, भोक रुंदावणार आणि पाणी आत. यात न कळण्यासारखं काय आहे सांगा.

पहिला आला वायरमन, बुराक म्हणजे भोक मागायला. ‘‘केबल आत घेवपाक एकूच ल्हान बुराक मारुंया रे, कोणाक कळचें ना!’’ मग साउंडवाला, त्याला भोंगे बांधायला एक. अध्यक्षांना झेंड्याच्या काठीला एक. महिला मंडळाच्या वहिनींना आकाशकंदिलाचा हूक. पोरांना दिवाळीत नरकासुराचा पुतळा उभा करताना दोरी अडकवायला काहीतरी पाहिजेच. दुबईच्या देणगीदारांचा तर व्हॉट्सॲपवर फोटोच आला, छपरावर त्यांच्या नावाचा बोर्ड कसा दिसेल त्याचा, चार कोपऱ्यांत चार बोल्ट काढलेले. प्रत्येकाचं फक्त एक, आणि सगळ्यांना हो म्हटलं असतं तर आम्ही परत जुन्या पत्र्यावर. शिवणीला बाहेरून घट्ट धरणारे क्लॅम्प मिळतात, भोक न पाडता काहीही लावता येतं, हे मी सांगितलं. ‘‘केवढ्याक?’’ असं विचारलं गेलं, मी आकडा सांगितला, आणि सगळ्यांची श्रद्धा परत बुराकावर.

मिस्त्री बेळगावचा. माणूस शांत, पण खजिनदार काकांनी त्याचा घसा बसवला. काकांना हिशोब जिथे सुचतो तिथे मांडायची सवय, आणि समोर नवा कोरा चकचकीत पत्रा, बिनरंगाचा. कानावरची पेन्सिल काढली आणि मजुरी, टेम्पोभाडं, हातचा दोन असं सुरू. मिस्त्री शिडीवरून अर्ध्यातूनच उडी मारून आला, ‘‘ओ काका, पेन्सिल नको की ओ!’’ त्या पत्र्यावरच्या मुलाम्यात 55% ॲल्युमिनियम, 43.4% जस्त आणि उरलेलं सिलिकॉन, पेन्सिलीतलं ग्रॅफाइट त्यावर राहिलं आणि वरून ओल लागली की मुलामा त्याच रेघेवरून खाल्ला जातो. म्हणजे आमच्या समितीचा हिशोब पहिल्यांदाच कायमस्वरूपी राहिला असता. काका स्वतःच्या धोतराने पुसायला लागले. पुसताना दोनदा विचारलं, ‘‘टेम्पोचे किती म्हटले होते मी?’’

ग्राइंडर घेऊन मदतीला आलेल्या पोरांनाही मिस्त्रीने तसंच खाली उतरवलं. ठिणग्या पत्र्यावर पडल्या की चिकटतात आणि मग तिथे गंज, म्हणून तो सगळं कात्रीनेच कापायचा. पोरं नाराज, कारण व्हिडिओत ठिणग्या भारी दिसतात.

काम संपलं तर संध्याकाळच्या तिरक्या उन्हात पट्ट्यांवर हलक्या लाटा दिसायला लागल्या. झालं! ‘‘फसयले आमकां.’’ रुंद सपाट पातळ पत्र्याला थोड्या लाटा दिसतातच, गळण्याशी त्याचा संबंध नाही, हे मिस्त्रीने सांगितलं, मी सांगितलं, कोणी ऐकलं नाही. एक निवृत्त गुरुजी मात्र चहाच्या दुकानापासून ते पिंपळापर्यंत प्रत्येक ठिकाणी उभे राहून, मान तिरकी करून बघून आले आणि शेवटी म्हणाले की पिंपळाखालून बघितलं तर बरं दिसतं. तेव्हापासून पाहुण्यांना आधी पिंपळाखाली नेतात.

मग पाऊस आला. थेंब नाही! पण समितीने खर्च कमी करताना एस्टिमेटमधून पत्र्याखालचं, आवाज अडवणारं ग्लासवूल उडवलं होतं, त्यामुळे आवाज असा की नाटकाच्या तालमीत प्रॉम्प्टर ओरडतोय आणि राजा त्याच्याकडे बघून ‘‘आं?’’ करतोय, प्रधान वेगळ्याच अंकात. काल यावर मीटिंग झाली. प्रॉम्प्टरला माइक द्यायचा आणि स्पीकर राजाच्या डोक्यावर टांगायचा, असं सर्वानुमते ठरलं. साउंडवाल्याने वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

त्याचं ड्रिल सध्या माझ्या स्कूटरच्या डिकीत आहे.