पायरसीचं खापर एकट्या गरिबीवर नको

सॉफ्टवेअर पायरसीवर एक मजकूर सध्या खूप फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: विकसनशील देशांत लोक गरीब, म्हणून क्रॅक केलेलं, म्हणजे कुलूप तोडून फुकटात वापरलेलं सॉफ्टवेअर चालतं. पैसा आला की ते बंद होईल. तोवर कायदा कडक करा. सरकार बरं की वाईट, याचा संबंध नाही.

‘गरीब, म्हणून.’ किंमत हे कारण आहेच. महिन्याच्या पगाराएवढं लायसन्स कोण घेईल? पण मग कुवेतचं काय? एवढा श्रीमंत देश, तरी सॉफ्टवेअर कंपन्यांची संघटना असलेल्या बीएसएच्या २०१८ च्या अहवालात तिथलं निम्म्याहून जास्त सॉफ्टवेअर विनापरवाना. दरडोई उत्पन्नात कितीतरी मागे असलेल्या दक्षिण आफ्रिकेत मात्र सुमारे एक तृतीयांश. (आकडे कंपन्यांच्याच गोटातले आणि अंदाजाचे आहेत. एक-दोन टक्क्यांवरून भांडू नये. पण ही तफावत तेवढ्यावर झटकून टाकता येणार नाही.)

‘कायदा कडक करा.’ इथे मजकूर सपशेल आपटतो. कायदे कडक आहेतच. भारताच्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३-ब आलं: पायरेटेड प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरला तर किमान सात दिवस, कमाल तीन वर्षं कैद, धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट नुसत्या दंडावर सोडू शकतं. तरी बीएसएच्या त्याच अहवालात २०१७ साली भारतातलं ५६ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना. कलम आणि शिक्षा यांच्या मध्ये पोलीस ठाणं असतं, तपास असतो, तारखांवर तारखा असतात. चिरीमिरी देऊन सुटता येत असेल, तर शिक्षा दुप्पट केल्याने फक्त चिरीमिरीचा दर वाढतो.

शिवाय हेच कडक कलम भलत्याच कामालाही येतं. जानेवारी २०१० मध्ये सैबेरियातल्या इर्कुत्स्कमध्ये पोलिसांनी ‘बैकाल एन्व्हायर्नमेंटल वेव्ह’ या संस्थेचे बारा संगणक उचलून नेले. कारण सांगितलं, पायरेटेड मायक्रोसॉफ्ट सॉफ्टवेअरचं. संस्थेचं म्हणणं होतं की लायसन्स आहेत, पावत्याही आहेत. ही संस्था बैकाल सरोवराकाठचा कागद कारखाना पुन्हा सुरू करण्याविरुद्ध आंदोलन करत होती, हा योगायोग समजायचा का? प्रकरण इतकं गाजलं की सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टनेच अशा संस्थांना मोफत लायसन्स जाहीर केलं.

‘सरकारचा संबंध नाही.’ सरकार स्वतःच सॉफ्टवेअरचं मोठं गिऱ्हाईक असतं, एवढं लक्षात घेतलं तरी हा मुद्दा निकालात निघतो. चीनने २००६ मध्ये आदेश काढला: नवा संगणक अधिकृत ऑपरेटिंग सिस्टिम घालूनच विकायचा, आणि सरकारी कचेऱ्यांनी तसाच घ्यायचा. बीएसएच्या हिशेबात २००३ ला ९२ टक्के असलेला चीनचा आकडा २०१७ ला ६६ वर आला. या काळात चिनी माणसाच्या हातात पैसाही खुळखुळू लागला, त्यामुळे सगळं श्रेय आदेशाला देता येणार नाही. पण संगणक कारखान्यातूनच लायसन्ससह बाहेर पडावा, हे पगारवाढीने घडत नाही. त्यासाठी हुकूम काढणारं आणि तो पाळला जातोय का ते तपासणारं कुणीतरी लागतं.